डायलिसिस आणि विनोद

प्रश्न : माझ्या यजमानांचं (वय ५८) आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. घरी पाहुणे आले की ते म्हणतात, “मला पार्टटाइम नोकरी लागलीय, पगार मीच द्यायचा.” सगळे हसतात, मला मात्र रडू येतं. त्यांना आजाराचं गांभीर्य कळलेलं नाही, की ते दुःख लपवताहेत?

उत्तर : ताई, दर खेपेला चारेक तास मशीनला जोडून बसणाऱ्या माणसाला गांभीर्य कळत नसेल, असं मला वाटत नाही. पाणी मापून प्यायचं, जेवणात मीठ बेताचं, आणि दोन दिवसांत किती घोट चोरून प्यायलात हे वजनकाटा सिस्टरना सांगणारच. जेवण, पाणी, वेळ, प्रवास सगळ्यावर दुसऱ्यांचा ताबा. आपल्या आजाराबद्दल काय बोलायचं, एवढंच त्यांच्या मर्जीचं उरलंय. ते विनोद करतात, तर करू द्या.

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचले. छावणीत बांधकामावर राबताना त्यांनी एका सर्जन मित्राशी करार केला होता : सुटकेनंतर घडू शकेल असा एक तरी गमतीदार प्रसंग रोज रचायचा. एक प्रसंग असा, की पुढे कुठे जेवायला बोलावलं तर आपण सवयीने यजमानीणबाईंना विनवू, सूप तळातून वाढा! छावणीच्या पातळ सुपात वाटाण्याचे चार दाणे असलेच तर तळाशी असत. भुकेवरचाच विनोद, पण त्यात सुटकेनंतरचं जेवण गृहीत धरलेलं आहे. मला तो म्हणूनच मोठा वाटतो. हा अनुभव त्यांनी १९४६ साली पुस्तकात लिहिला.

आता वैद्यकीय बाजू. हसल्याने क्रिएटिनिन उतरत नाही. तसं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र, मनापासून हसल्यानंतर लोकांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. तेवढा फायदा पदरात घ्यावा.

एक पथ्य तुमच्यासाठी आणि नातेवाइकांसाठी. आजारावरचा विनोद आजारी माणसाने करावा, इतरांनी त्यात सामील व्हावं. “अहो, जरा हसा की! पॉझिटिव्ह राहा!” असा आग्रह म्हणजे खचलेल्या माणसावर आणखी एक काम लादणं.

तुमची शंका मात्र अगदीच निराधार नाही. पाहुणे गेल्यावर ते काय करतात, ते बघा. थकवा, खाज, झोप न लागणं हे किडनीच्या आजारानेही होतं, त्यावरून मनाची पारख होणार नाही. पण आवडीच्या गोष्टींतला रस गेला, डायलिसिस चुकवू लागले, पाण्याचं पथ्य मुद्दाम मोडू लागले किंवा “आता पुरे झालं” असं बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. नेफ्रॉलॉजिस्टना लगेच सांगा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गरज वाटली तर तुम्हीसुद्धा फोन करा.

आणि त्यांना घरातून निवृत्त करू नका. प्रेमापोटी आपण आजारी माणसाच्या हातातलं सगळं काढून घेतो, मग तो दिवसभर छताकडे बघत बसतो. वीजबिल, बँक, नातवाचा अभ्यास, जे झेपेल ते त्यांच्याकडेच राहू दे. चुकलं तर चुकू दे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे माणसाला कळत राहावं लागतं.

तुम्हाला रडू येतं, हे त्यांना सांगितलंत का? स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसण्यापेक्षा एकदा त्यांच्यासमोर रडा. विनोद थांबेल अशी धास्ती नको. बहुधा तुमच्यावरच एखादा होईल.

जाता जाता एक. भेटायला येणारे हमखास शहाळी आणतात. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाला ते धोक्याचं. आणणाऱ्याचं मन मोडू नका, यजमानांनाही देऊ नका. तुम्ही प्या.