साथ ओसरली, हिशेब बाकी आहे



साथीचा रोग केवळ देहाला ग्रासत नाही, तो समाजाची घडीही विस्कटून टाकतो. सूरह अल-बकराच्या 155 व्या आयतीत अल्लाहने ज्या परीक्षांचा उल्लेख केला आहे, म्हणजे भय, भूक आणि संपत्ती, प्राण व उत्पन्न यांची हानी, त्या सर्व 2020 आणि 2021 या वर्षांत एकाच वेळी आपल्या दारी आल्या. मशिदींची दारे बंद झाली. ईदची नमाज घरातच अदा करावी लागली. जन्मदात्याला गुस्ल देण्याचे भाग्यही अनेकांना लाभले नाही. भय इतके दाटले होते, की मुंबईत दफनविधीलाच विरोध झाला आणि मे 2020 मध्ये उच्च न्यायालयाला दफनाचा हक्क कायम ठेवावा लागला.

त्याच आयतीच्या अखेरीस सब्र करणाऱ्यांना शुभवार्ता दिलेली आहे. परंतु सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. सब्र कसा असतो, हे सहाबांच्या चरित्रातून पाहू या.

अमवासचा ताऊन

हिजरी 18 मध्ये, म्हणजे इ. स. 639 च्या सुमारास, पॅलेस्टाईनमधील अमवास येथे ताऊन अर्थात प्लेग उद्भवला आणि शाम प्रांतात पसरला. शामकडे निघालेल्या हजरत उमर (रजि.) यांना सर्ग येथे साथीची बातमी मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते, की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोठेही चारला तरी ती अल्लाहचीच तकदीर. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषित (स.) यांची शिकवण सांगितली: साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथे असल्यास पळून बाहेर पडू नये.

अबू उबैदा (रजि.) आपल्या लोकांसोबत राहिले आणि त्याच साथीत निवर्तले. त्यांच्यामागून हजरत मुआज बिन जबल (रजि.) गेले. मग हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांत पांगवले आणि साथ ओसरली.

ही कथा टाळेबंदीच्या काळात आपण वारंवार ऐकली. तिचा पुढचा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. रोग शमल्यावर उमर (रजि.) स्वतः शामला गेले. घरेच्या घरे ओस पडली होती, कोण कोणाचा वारस याचा गोंधळ माजला होता. त्यांनी मृतांचा वारसा हयात वारसांत वाटून दिला. साथीचा शेवट त्यांनी रोग थांबण्यात मानला नाही. हक्कदाराला हक्क मिळण्यात मानला.

आपल्या घरातील हिशेब

काही काळापूर्वी एक विधवा भगिनी दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आली. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तिचे सासरे गेले आणि नऊ दिवसांनी पती गेला. दिरांचे म्हणणे होते, की आता नवराच नाही, तर सासऱ्यांच्या घरात तिचा वाटा कसला? मी दिरांना बोलावले आणि दोन्ही मृत्युदाखले समोर ठेवले. बाप आधी गेला असेल, तर त्या क्षणीच मुलाचा वाटा ठरतो. मुलगा नऊ दिवसच जगला, तरी तो वाटा त्याचाच. त्याच्या पश्चात तो पत्नी, मुले आणि हयात असल्यास आई यांच्याकडे जातो. थोरले दीर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही.” घर अद्याप वाटलेले नाही, पण तिच्या मुलांचा हिस्सा कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या आहेत.

वाचकहो, आपल्या घरातही असा हिशेब थकला आहे काय? क्रम लक्षात ठेवा. दफनाचा खर्च, मग मृताचे कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्र आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. मृताला संतती असेल तर पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश, नसेल तर एक चतुर्थांश. ताऊनने मरण पावणारा शहीद आहे, असे हदीसमध्ये आहे. आणि शहिदाचे सर्व काही माफ होते, कर्ज मात्र नाही, असेही हदीसमध्येच आहे. मग ज्यांना आपण शहीद म्हणतो, त्यांचे कर्ज आपण फेडले काय?

अनाथांचे धन अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, असा इशारा सूरह अन-निसाच्या 10 व्या आयतीत आहे. त्याच सूरहच्या 6 व्या आयतीत अनाथ जाणते झाल्यावर त्यांचे धन साक्षीदारांसमोर सोपवण्याची आज्ञा आहे. साथीत पोरकी झालेली कित्येक मुले आता जाणती झाली आहेत. त्यांनी मागण्याची वाट पाहू नका.

आज रात्री इशाच्या नमाजनंतर घरातील मोठ्यांनी एकत्र बसावे, मृतांची नावे, तारखा व देणी लिहून काढावीत आणि अडल्यास जाणत्या आलिमांना विचारावे. अल्लाह आपल्या दिवंगतांना क्षमा करो आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांचे हक्क अदा करण्याची आपणास सद्बुद्धी देवो. आमीन.