चोर सोडून संन्याशाला

दिवे घाटात, मस्तानी तलाव खाली दिसायला लागतो तिथे, आमच्या चेतकचा दुसरा गिअर सटकला. इंजिन एकदम किंचाळलं, चाकाला त्याचा पत्ताच नाही. मागे सौ., तिच्या मांडीवर जेजुरीला न्यायची पिशवी, आणि त्यामागे एसटी. स्कूटर मागे घरंगळायला लागली तेव्हा मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. कडेला लागल्यावर सौ. म्हणाली, "अहो, परवाच इंजिन उघडून घेतलंत ना?"

घेतलं होतं. साडेचार हजार मोजून. तेच तर चुकलं होतं.

ही चेतक वडिलांची, 1990 ची. आकुर्डीत 1972 पासून या स्कूटरी बनत. बुकिंग करून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत आणि मिळाली की पेढे वाटत, तो काळ तेव्हा नुकताच सरत आला होता. वडील दर रविवारी तिच्या केबलींना तेल सोडायचे. मी धुवायचो फक्त.

दुखण्याची सुरुवात फार आधी झाली होती. मुठीवरचा शून्य आणि खरा न्यूट्रल यांचं पटेनासं झालं. अलका चौकात सिग्नलला उभा राहिलो की मूठ शून्याच्या किंचित खाली न्यावी लागे, तेव्हा कुठे न्यूट्रल सापडे. मला त्याची सवय झाली. जुन्या वाड्यातलं दार उचलून लावायची होते तशीच. पुढे खड्ड्यात तिसरा गिअर सुटायला लागला, तेव्हा गॅरेज गाठलं. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि निदान केलं, "क्रॉस गेलाय."

क्रॉस म्हणजे गिअरबॉक्समधला चार हातांचा पोलादी तुकडा. मूठ फिरवली की तो दांड्यात पुढेमागे सरकतो आणि हव्या त्या गिअरच्या आतल्या खाचांत जाऊन बसतो. त्याचे कोपरे झिजले की जोर पडताच गिअर सुटतो, हे अगदी खरं. पण क्रॉसला सरकवतं कोण? डाव्या मुठीपासून निघून स्कूटरच्या पोटातून इंजिनापर्यंत गेलेल्या दोन तारा. तार ढिली असेल तर मूठ पूर्ण फिरते, क्रॉस मात्र अर्धाच बसतो. अर्ध्यावर बसलेला क्रॉस सुटणारच, मग तो कितीही नवा असो. माझा नवा क्रॉस दहा दिवस टिकला. चढ लागला आणि संपलं.

त्या दिवशी जेजुरी राहिली. परत फिरलो आणि उतारावर दुसऱ्यात ठेवून मूठ डाव्या हाताने खाली दाबून धरली. गिअर सुटला नाही. वडकी येईपर्यंत मनगट भरून आलं, पण गिअर बसलेलाच. सैल केली मूठ की सटकायचा, दाबली की राहायचा. चोर तिथे स्वतःहून हात वर करत होता आणि मला ते कळत नव्हतं.

कळलं ते नाना पेठेत. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी माझं ऐकून घेतलं, किक मारली नाही, चक्कर मारली नाही. पोतं अंथरलं, स्कूटर आडवी केली आणि पोटाखालच्या सिलेक्टरवरून दोन्ही गिअर केबली सोडवल्या. मला म्हणाले, "मागचं चाक हळू फिरवा." मी फिरवत राहिलो आणि ते बोटांनी सिलेक्टरचा हात सरकवत गेले. पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा. पाचही ठिकाणी स्वच्छ टक्.

"इंजिन बरं आहे, साहेब. उघडलं कुणी?"

मी गप्प. त्यांनी केबल ओढून काढली. हँडलखाली ती वळते तिथे आउटरचं प्लॅस्टिक फाटलेलं, आणि आतून तपकिरीसारखी गंजाची पूड सांडली. इनरच्या, म्हणजे आतल्या तारेच्या, काही बारीक तारा निपलजवळ, टोक जिथे पकडलेलं असतं तिथे, तुटून उलट्या वळल्या होत्या. उरलेल्या तारांवर मी सहकुटुंब घाट चढत होतो. दोन केबलींचे दोनशेसुद्धा झाले नाहीत.

तुमच्याकडे अशी जुनी गिअरची स्कूटर असेल तर गॅरेजमध्ये "गिअर सटकतो" एवढंच सांगून चहाला जाऊ नका. आधी घरीच इंजिन बंद ठेवून मूठ फिरवून बघा. जड वाटली तर केबल आत गंजली आहे. फिरते पण गिअर बदलत नाही, तर तार तुटली किंवा इंजिनाकडचं निपल सरकलं. फिरवताना मागचं चाक हलवत राहा, नाहीतर चांगलाही गिअर पडत नाही आणि उगाच घाबरायला होतं. मग मोकळ्या रस्त्यावर मूठ दाबून धरायचा माझा घाटातला प्रयोग करा. दाबल्यावर गिअर राहत असेल तर बहुधा केबलीच.

गिअर कर्रकन पडत असेल तर बघायची ती क्लचची केबल. स्टँडवर इंजिन चालू करून क्लच पूर्ण ओढा आणि पहिला टाका. मागचं चाक थोडं फिरेल, त्यात काही नाही. ब्रेक दाबल्यावर चाक थांबून इंजिन चालू राहिलं तर ठीक. इंजिन बंद पडलं तर क्लच पुरता सुटत नाहीये.

केबली बदलायच्या तर जोडीने. आत घालण्याआधी इनरला ग्रीस चोळा. जुन्या तारेला नवी बांधून ओढली की ती आपोआप वाट काढते, मात्र जुनी उपसून टाकल्यावर हे आठवून उपयोग नाही. निपलचा स्क्रू फार आवळू नका, तार तिथेच कापली जाते. शेवटी मुठीवरचा शून्य आणि इंजिनातला न्यूट्रल जुळवून घ्या.

हे सगळं करूनही एखादाच ठरावीक गिअर जोर पडला की सुटत असेल, तर मात्र क्रॉस. मग इंजिन उघडावंच लागतं. जुना क्रॉस मागून घ्या आणि चार हातांचे कोपरे बघा. धारदार असतील तर तुम्हीही संन्याशालाच सुळावर दिलंत.

केबलीचा हा धडा स्कूटरपुरताच नाही. मांडव्याला माझ्या आतेभावाची जुनी बोट आहे, इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागे बाहेर लटकलेला अशी. मागच्या मोसमात तिचा रिव्हर्स पडेना आणि कारागीर पाय खोलायच्या तयारीत. बोटीतलं मला ओ का ठो कळत नाही. फोनवर एवढंच सांगितलं, इंजिन बंद ठेव, केबल सोडव, पंखा हाताने फिरवत गिअर सरकवून बघ. पडला. केबल पायात शिरते तिथलं चुण्यांचं रबर चिरून खारं पाणी आत गेलं होतं.

विजेवरची नवी चेतक 2020 मध्ये आली. तिला गिअरच नाहीत, त्यामुळे हे सगळं तिच्या मालकांना सांगण्यात अर्थ नाही. आमच्या जुनीच्या डिकीत दोन गिअरच्या आणि एक क्लचची अशा तीन केबली आता कायम असतात. कालपासून न्यूट्रल पुन्हा शून्याच्या जरा खाली सापडतोय. रविवारी पोतं अंथरायचं आहे.