श्वास व हृद्रोगातील व्यायाममात्रा : भौतिकोपचारांचा वैद्यांनी करावयाचा विचार

जुनाट श्वासाचा किंवा हृदयशस्त्रक्रिया झालेला रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा त्याची नाडी, जिव्हा, कोष्ठ व अग्नी यांचे परीक्षण आपण मन लावून करतो. औषधयोजना व पथ्यापथ्यही सविस्तर सांगतो. मात्र ‘चालू का? जिना चढू का? किती?’ असे त्याने विचारले, की ‘दम लागेल असे काही करू नका’ एवढ्या एका वाक्यात तो विषय मिटतो. प्रौढांच्या हृदय व फुप्फुसविकारांत भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, जे कार्य करते त्याच्या नेमके विरुद्ध असे हे वाक्य आहे. प्रस्तुत लेखात या उपचारांची ओळख करून द्यावी आणि त्यांतील व्यायाममात्रेचा आपल्या संहितांशी कसा मेळ बसतो हे पाहावे, असा आमचा हेतू आहे.

शास्त्राचा आक्षेप व त्याचे उत्तर

आक्षेप प्रथम विचारात घेऊ. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ व्या अध्यायात व्यायाम कोणी वर्ज्य करावा हे सांगताना श्वास, कास व क्षत यांनी पीडित रुग्णांचा उल्लेख आहे. चरक व वाग्भट या दोघांनीही अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत प्रतमक व कास मोजले आहेत. एवढे वाचून वैद्याने श्वासरुग्णास अंथरुणावर बसवून ठेवले, तर त्यास ग्रंथाधार नाही असे म्हणता येणार नाही.

परंतु वचनाचा अर्थ प्रकरणावरून लावावा लागतो. सुश्रुताचा तो अध्याय अनागत व्याधींच्या प्रतिषेधाचा, म्हणजे स्वस्थाच्या दिनचर्येचा आहे. त्यातील व्यायाम हा बलवान मनुष्याचा नित्य व्यायाम होय. वाग्भटानेही अर्धशक्तीची मर्यादा बलवान व स्निग्धभोजी माणसांसाठी, तीही शीतकाळी व वसंतात सांगितली आहे. अन्य काळी व्यायाम मंदच असावा असे त्याचे मत आहे. दुसरीकडे चरकाने सूत्रस्थानातील २२ व्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगताना त्यांत व्यायामाची गणना केली आहे. सुश्रुताने प्रमेही रुग्णास दीर्घ पदयात्रा सांगितली आहे. म्हणजे व्यायाम हा दिनचर्येचा भाग आहे तसा चिकित्सेचा उपक्रमही आहे. निषेध आहे तो मात्रा ओलांडण्याचा, आणि वेगावस्थेत किंवा क्षीणावस्थेत बळाचा व्यायाम करण्याचा. चरकाने व्यायामाची व्याख्या करतानाच तो मात्रेने करावा असे म्हटले आहे. आता प्रश्न उरतो तो ही मात्रा श्वासाच्या रुग्णात मोजावी कशी, एवढाच.

येथे सुश्रुताने दिलेले बलार्धाचे लक्षण मोठे उपयोगी पडते. हृदयस्थानी असलेला वायू मुखाकडे येऊ लागला, की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. नाकाने घेतलेला श्वास पुरेसा होईना व तोंड उघडावे लागले, हा त्याचा सरळ अर्थ. आधुनिक व्यायामशास्त्रात संभाषणकसोटी म्हणून एक साधी पद्धत आहे : चालताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेथे मध्यम श्रमाची पायरी आली असे मानतात. दोन्हींत कसोटी श्वासाचीच आहे, घड्याळाची नाही, ही गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते.

विश्रांतीने नेमके काय बिघडते

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. निरोगी तरुणांची ही स्थिती, तर साठीच्या श्वासरुग्णाची काय कथा!

आपल्याकडील नेहमीचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली पंचावन्न-साठ वर्षांची स्त्री, विडी-सिगारेटला कधी न शिवलेली, खोकला व दम घेऊन येते. धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधणारा एक महत्त्वाचा लेख २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे एक लेखक पुण्याचे डॉ. संदीप साळवी होते. तेव्हा ‘विडी ओढत नाही म्हणजे सीओपीडी नाही’ हा समज सोडावयास हवा. ही स्त्री दम लागतो म्हणून पाण्याला जाणे सोडते, मग अंगण झाडणे सोडते, मग बसूनच राहते. मांड्यांचे मांस झडते. दुर्बळ झालेले स्नायू थोड्याशा श्रमानेही आम्लद्रव्ये निर्माण करू लागतात, ती बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढवावा लागतो, आणि श्वास वाढला की अरुंद श्वासनलिकांतून आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढची आत येते. छाती फुगलेलीच राहते. रुग्णास वाटते रोग वाढला. प्रत्यक्षात कित्येकदा पाय खचलेले असतात.

व्यायामाने फुप्फुसाची गेलेली शक्ती परत येत नाही, हे रुग्णास व नातेवाइकांस प्रारंभीच सांगावे. आठ आठवड्यांच्या उपचारानंतरही स्पायरोमेट्रीचा आकडा बहुधा होता तेथेच असतो. सुधारतात ते पाय, धीर आणि श्वास सोडण्याची रीत. पण तेवढ्याने ती स्त्री पुन्हा देवळापर्यंत चालत जाऊ शकते. २०१५ साली कॉक्रेन संस्थेने अशा ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला व फुप्फुस-पुनर्वसनाचा लाभ इतका स्पष्ट ठरला, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही असे संपादकांनी नमूद केले. औषधांच्या बाबतीत असे भाग्य क्वचितच लाभते.

मापन

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतो. ३० मीटर लांबीच्या सपाट, सरळ मार्गावर रुग्णाने स्वतःच्या गतीने सहा मिनिटांत जेवढे अंतर तोडता येईल तेवढे तोडावयाचे. दम लागल्यास थांबण्यास मुभा आहे, घड्याळ मात्र चालूच राहते. पुढे हे अंतर साधारण ३० मीटरने वाढले, तरी रुग्णास जाणवण्याजोगा फरक पडला असे मानतात. चिकित्सालयात एवढी जागा नसल्यास बिनहाताच्या खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता, एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते मोजावे. चाचणीच्या आधी व नंतर नाडी, रक्तदाब व पल्स ऑक्सिमीटरवरील आकडा नोंदवावा. नखांना रंग लावलेला असल्यास तो पुसून मगच यंत्र बोटाला लावावे.

दम मोजण्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची शून्य ते दहा अंकांची श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे दम मुळीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारा. सीओपीडीच्या रुग्णाने व्यायाम करताना ४ ते ६ या पट्ट्यात राहावे. हृद्रोग्याने ३ च्या आसपास थांबावे. येथे नाडीवर विसंबून चालत नाही. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधे घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, आणि शांत नाडी पाहून वैद्य त्यास अधिक चालवू शकतो. असा रुग्ण आज आपल्याकडे नित्य येतो, म्हणून नाडीतज्ज्ञांनी तरी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आठवड्यातून दोन ते तीन वेळा देखरेखीखाली व इतर दिवशी घरी, असा सहा ते आठ आठवड्यांचा क्रम असतो. तीव्र दम असणाऱ्यास दोन मिनिटे चालणे व एक मिनिट विसावा अशी आवर्तने देतात. जोडीला खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणे, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर नेणे हे पुरेसे आहे. चालताना नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून चार अंक मोजेपर्यंत तो सोडावा. त्याने हवा कोंडत नाही. आठवड्यांचा क्रम संपताच चालणे सोडले तर मिळविलेले बळ वर्षभराच्या आतच ओसरते.

कफनिर्हरण

क्षयानंतर श्वासनलिका रुंदावून राहिलेल्या रुग्णांत कफ रोज साचतो. त्यांस भौतिकोपचारतज्ज्ञ श्वासाचे एक चक्र शिकवितात : थोडा वेळ शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास, मग आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडून ‘हाः’ असा जोरदार उच्छ्वास. या उच्छ्वासाने कफ वर सरकतो व खोकल्याची उबळ येऊन रुग्ण थकत नाही. चरकाने श्वासचिकित्सेत सलवण तैलाचा अभ्यंग व स्वेदन प्रथम सांगितले आहे, ते स्रोतसांत दाटलेला कफ विलीन व्हावा म्हणून. स्वेदनानंतर हे चक्र करविणे युक्तिसंगत आहे असे आमचे मत आहे. पाठीवर थापट्या मारण्याची जुनी रीत मात्र रक्तष्ठीवन, ठिसूळ हाडे किंवा बरगडीचा भंग असताना सर्वथा टाळावी. डोके खाली करून निजविणे हृदयदौर्बल्यात व अम्लपित्तात अपायकारक ठरते.

हृद्रोग

हृद्रोगातील विश्रांतीचा इतिहास तर उद्बोधक आहे. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृच्छूलाचे वर्णन वाचले, आणि रोज अर्धा तास लाकूड कापणारा त्यांचा एक रुग्ण जवळजवळ बरा झाल्याची नोंद ठेवली. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. १९५२ साली सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांस लवकरच आरामखुर्चीत बसविण्याचे समर्थन केले, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला. आज बायपास झालेला रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी खुर्चीत असतो.

असा रुग्ण घरी आल्यावर आपल्याकडे ‘मालीश’साठी येतो, तेथे विशेष सावधानता हवी. छातीचे कापलेले हाड सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत छातीवर अभ्यंग नको, हातांवर भार देऊन उठणे नको, जड उचलणे नको. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. शीर काढलेल्या पायावर थोडी सूज असतेच. परंतु एकच पाय अधिक सुजलेला, उष्ण व दुखरा असेल, तर त्या पायास तेल लावून चोळणे हा प्राणघातक प्रमाद होय. शिरेतील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

प्राणायामाविषयी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत भारतातील २४ रुग्णालयांतील जवळपास ४,००० हृदयरुग्ण होते. योगाधारित पुनर्वसनाने त्यांचे स्वास्थ्य व पूर्वीच्या कामांवर परतणे सुधारले; मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यांत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. कुंभक, भस्त्रिका व वेगाने केलेली कपालभाती या रुग्णांस देऊ नये. श्वास कोंडून जोर केल्याने रक्तदाब एकाएकी चढतो.

विश्रांतीतही छातीत दुखणे, अलीकडे वाढलेला हृच्छूल, अनियमित नाडी, १८०/११० च्या वर रक्तदाब, ज्वर, किंवा तीन दिवसांत दोन किलोने वाढलेले वजन व पायांवर सूज, अशा अवस्थेत व्यायाम वर्ज्य. चालताना चक्कर, थंड घाम, छातीत दडपण आले अथवा ऑक्सिमीटर ८८ च्या खाली गेला, तर तेथेच थांबवावे.

औषधालय चालकांस

तीन चेंडूंचे श्वासयंत्र आपल्या दुकानातून विकले जाते. बहुसंख्य रुग्ण त्यात फुंकतात. ते ओढावयाचे असते. विक्रेत्याने एकदा करून दाखवावे, आणि यंत्र घेतले म्हणजे चालणे टळले असे नाही, हेही सांगावे. श्वासासाठी इन्हेलर चालू असेल तर तो काढ्याच्या भरवशावर बंद करू नये. व्यायामापूर्वी तो घेतल्यास चालणे सोपे जाते. कनकासवात धत्तूर आहे, सोमकल्पांत सोमलतेतील एफेड्रिन. दोन्हींनी नाडी वाढते, म्हणून हृद्रोग्यास ते वैद्याच्या पत्राविना देऊ नयेत. यष्टिमधू दीर्घकाळ घेतल्यास शरीरात पाणी साचून पोटॅशियम उतरते, आणि मूत्रल गोळ्या किंवा डिगॉक्सिन चालू असता ते धोक्याचे आहे. सितोपलादी चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते, हे मधुमेही श्वासरुग्णास कोणी सांगतच नाही!

भौतिकोपचाराची पदवी व आपली आयुर्वेदाची पदवी, दोन्ही महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याच. तरी दोन्ही शाखांच्या चिकित्सकांची गाठ क्वचितच पडते. रुग्ण पाठविताना नुसते ‘व्यायाम द्यावा’ असे लिहू नये. निदान, स्पायरोमेट्री किंवा इकोचा अहवाल, चालू असलेली सर्व औषधे (आपली रसौषधी, आसवे व घृते धरून), विश्रांतीतील नाडी, रक्तदाब व ऑक्सिमीटरचा आकडा, अभ्यंग-स्वेदनाचे दिवस, आणि रुग्णास पुन्हा करता यावे असे वाटणारे एखादे काम लिहावे. विहिरीवरून घागर आणणे असो वा दोन मजले चढणे असो, तज्ज्ञ त्या कामावरूनच व्यायाम ठरवितो.