मोटारीचे दिवे आणि रात्रीचा रस्ता

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे मालवाहू पिकअप वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोर बिनदिव्याची बैलगाडी दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे २५ मीटर रस्ता तेवढ्यातच सरतो. त्यापुढे वाहन थांबण्यास कोरड्या रस्त्यावरही निदान तितकेच अंतर लागते. दिव्यांचा प्रकाश ५० मीटरांच्या अलीकडेच संपत असेल, तर बैलगाडी दिसूनही अपघात टळणार नाही.

अशा वेळी पुष्कळ चालक अधिक वॉटचे बल्ब बसवितात. परंतु जुन्या वाहनांत दोष बहुधा बल्बचा नसून त्याला मिळणाऱ्या विजेचा असतो. १२ व्होल्टच्या वाहनातील नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये अपरसाठी ६० वॉटचा आणि डिपरसाठी ५५ वॉटचा असे दोन तंतू असतात. अपर लावला असता दोन्ही दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो. अनेक जुन्या वाहनांत हा सर्व प्रवाह बारीक तारांतून आधी चालकाजवळच्या स्विचकडे व तेथून दिव्यांकडे जातो. समजा, या तारांचा, गंजलेल्या जोडांचा आणि स्विचचा एकूण रोध ०.१४ ओहम आहे. ओहमच्या नियमानुसार १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. इंजिन चालू असता बॅटरीपाशी १४ व्होल्ट असतील, तर दिव्यापाशी १२.६ व्होल्टच पोहोचतात. ही घट केवळ १० टक्क्यांची आहे. पण तंतूचा प्रकाश दाबापेक्षा फार वेगाने उतरतो आणि या उदाहरणात तो सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो.

यावर उपाय सोपा आहे. बॅटरीपासून जाड तार थेट दिव्यांकडे न्यावी आणि मध्ये रिले बसवावा. अपरसाठी एक व डिपरसाठी एक. मूळ स्विचने आता केवळ रिले चालू होतो. दिव्यांचा मोठा प्रवाह आखूड व जाड वाटेने जातो. नव्या तारेवर बॅटरीलगतच फ्यूज असलाच पाहिजे. नाहीतर तार घासून उघडी पडल्यास आग लागण्याचा धोका राहतो. दिव्याची सांगाड्याकडे जाणारी तारही स्वच्छ व घट्ट जोडावी. नवा बल्ब बसविताना त्याच्या काचेस बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहिल्यास तो भाग अधिक तापून बल्ब लवकर जातो.

याउलट जुन्याच तारांवर १०० वॉटचे बल्ब लावल्यास प्रवाह वाढतो, दाबाची घट वाढते आणि होल्डर वितळण्याची भीती असते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसविण्यातही अशीच अडचण आहे. परावर्तकाचा आकार तंतूच्या नेमक्या जागेस अनुसरून घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून ढळला की झोत विस्कटतो. दिवा झगझगीत वाटतो खरा, परंतु तो प्रकाश रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

म्हणून शेवटचे काम झोत जुळविण्याचे. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरांवर वाहन उभे करावे. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली पडावी. येथे पिकअपचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. हौद्यात माल भरला की मागील पाटे दबतात, वाहनाचे नाक वर उठते आणि त्याबरोबर झोतही. रिकाम्या वाहनावर जुळविलेला दिवा भरल्या वाहनावर समोरच्याला आंधळा करू शकतो. म्हणून नेहमीचा माल भरूनच ही तपासणी करावी.

समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा झोत खाली वळविलेला असावा, असा दंडक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही आहे. त्याचे कारण उघड आहे. अरुंद रस्त्यावर समोरच्या चालकाला काही क्षण दिसेनासे झाले, तर त्याचे वाहन आपल्याच अंगावर येईल. चांगला दिवा आपल्याला रस्ता दाखवितो आणि दुसऱ्याचा रस्ता झाकीत नाही.