अकरा नंबरचा बावटा आणि संगणकांचे जाळे

मालवण बंदरावर बावटा लागला की किनाऱ्यावरील माणसे प्रथम त्याचा नंबर विचारतात. तीन नंबरचा बावटा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो लागला की होड्या ओढून वर घेतल्या जातात आणि समुद्रात गेलेल्यांच्या घरी वाट पाहणे सुरू होते. दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराच्या खुणा आणि रात्री लाल-पांढरे दिवे अशी या संकेतांची मूळ पद्धत. लोकभाषेत मात्र तो बावटाच.

भारतीय बंदरांच्या सर्वसाधारण संकेतपद्धतीत असे एकूण अकरा संकेत आहेत. पहिले दोन दूर समुद्रातील वादळाची वार्ता देतात. तिसरा व चौथा बंदरालाच वादळी हवामानाची झळ पोचण्याचा संभव दर्शवितात. पाच ते सात हे धोक्याचे आणि आठ ते दहा हे महाधोक्याचे संकेत होत. महाधोक्याच्याही पुढे अकरावा संकेत कशासाठी असावा, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचा अर्थ असा की, हवामान खात्याच्या इशारा केंद्राशी बंदराचा असलेला संपर्क तुटला आहे आणि हवामान बिघडण्याचा धोका असल्याचे स्थानिक अधिकाऱ्याचे मत आहे. ज्यांनी ही पद्धत बसविली, त्यांनी संपर्क तुटणे हाच एक स्वतंत्र धोका मानला होता.

आज सातबाराचा उतारा, जन्माचा दाखला, शिधावाटप दुकानातील अंगठ्याची नोंद, निवृत्तिवेतन आणि मासळी बाजारातील देवघेव ही सारी कामे संगणकांच्या जाळ्यावर चालतात. हे जाळे कसे विणलेले असते, ते कोठे तुटते आणि तुटले असता गावाने काय करावे, हे समजून घेणे म्हणूनच गावकारभाराचा भाग झाले आहे.

बोटीच्या टपालापासून

कोकणपट्टीचे दळणवळण पूर्वी समुद्रमार्गे चाले. मुंबईहून निघालेली आगबोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. माणसांबरोबर टपालही त्याच मार्गाने येई. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की मार्ग बदले व घाटातून फिरून येणाऱ्या पत्राला विलंब होई. पण पत्र येत असे. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरची सोय सुरू केली. पुढे मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याने धाडलेल्या मनीऑर्डरवर येथील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या.

तारेचा आरंभ आपल्या देशात १८५० साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान झाला. तार म्हणजे बहुधा वाईट बातमी, अशी खेड्यातील समजूत असल्याने तारवाला दारात दिसला की घरात रडारड सुरू होई. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. त्यापूर्वीच दूरध्वनीने तिची जागा घेतली होती. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने धूळ व उष्णता सोसणारी, वातानुकूलनाविना चालणारी छोटी ग्रामीण टेलिफोन केंद्रे तयार केली आणि पिवळ्या पाटीची एस.टी.डी. दुकाने गावोगाव दिसू लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांना खुली केली. त्याच वर्षीच्या ३१ जुलै रोजी देशात मोबाईल दूरध्वनीवरील पहिले संभाषण झाले होते.

शासनाचे जाळे याहून जुने आहे. नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरची स्थापना १९७६ साली झाली आणि त्या संस्थेच्या ‘निकनेट’ने ऐंशीच्या दशकात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची ठिकाणे जोडण्यास प्रारंभ केला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जिल्हा आणि संगणकाचे जाळे ही दोन्ही जवळजवळ बरोबरीनेच वाढली, असे म्हणावयास हरकत नाही.

संदेशाचे तुकडे

जुन्या दूरध्वनीत बोलणाऱ्या दोघांच्या दरम्यान एक अखंड वाट राखून ठेवली जाई. ती वाट तुटली की संभाषण संपले. संगणकांच्या जाळ्याची रीत निराळी आहे. तीत संदेशाचे लहान लहान तुकडे केले जातात. या तुकड्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक नोंदविण्याची व्यवस्था असते.

एक उदाहरण घेऊ. एका पॅकेटात साधारणतः दीड हजार बाइट मावतात. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोड पद्धतीने मजकूर पाठविताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एका पॅकेटात सुमारे पाचशे चिन्हे बसतात. ग्रामसेवकाने ओरोसला पाठविलेले दोन हजार चिन्हांचे पत्र चार-पाच तुकड्यांत विभागून निघते.

आता रस्त्यांची कल्पना करा. मालवणहून मुंबई-गोवा महामार्गाला मिळणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत. एक कसालला जाते, दुसरी चौकेमार्गे कुडाळला आणि तिसरी आचऱ्यावरून कणकवलीला. पाच पाकिटे निरनिराळ्या वाटांनी धाडली तरी शेवटी ती एकाच पत्त्यावर जमू शकतात. कोणती आधी पोचेल, कोणती नंतर. पण क्रमांक घातलेले असल्याने घेणारा ती ओळीने लावून घेतो. एखादे वाटेत हरवले, तर तेवढेच पुन्हा मागवितो. एका वाटेवर झाड पडले तर पुढची पाकिटे दुसऱ्या वाटेने जातात. जाळ्यातही असेच घडते. चौकाचौकांवर उभे राहून कोणत्या पॅकेटने कोणत्या दिशेस जावे हे ठरविणाऱ्या यंत्राला ‘राऊटर’ म्हणतात.

ही कल्पना साठच्या दशकात अमेरिकेतील पॉल बॅरन व इंग्लंडमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. बॅरन यांच्यापुढील प्रश्न असा होता की, काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्यांचा परस्परसंपर्क कसा टिकावा. मालवणच्या रापणकऱ्याला हे तत्त्व नव्याने सांगावयास नको. जाळ्याची एक आस फाटली तर सगळे जाळे निकामी होत नाही, कारण प्रत्येक गाठ अनेक दोऱ्यांनी इतर गाठींशी बांधलेली असते. मात्र रापणीचा ओढदोर तुटला तर काय होते, हेही त्याला चांगले ठाऊक असते.

पत्ता आणि नियम

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते अपुरे पडू लागल्याने आता त्याहून फार मोठ्या संख्येची नवी पद्धत तिच्या बरोबरीने वापरात आली आहे. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो आणि त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देण्याचे काम जाळ्यातील एक नोंदवहीसारखी यंत्रणा करते. माहिती साठवून मागेल त्याला पुरविणाऱ्या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी बोलू शकतात, ती काही समान नियमांमुळे. हे नियम व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४ साली मांडले आणि १ जानेवारी १९८३ पासून त्या वेळच्या ‘अर्पानेट’ या जाळ्याने ते स्वीकारले. आजचे इंटरनेट याच नियमांवर उभे आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देवबागहून तारकर्लीला मोबाईलवरून पाठविलेला लेखी संदेश शेजारच्या गावी थेट जात नाही. तो बहुधा दूरच्या शहरातील, कित्येकदा परदेशातील सर्व्हरला वळसा घालून येतो. म्हणून बाहेर जाणारा मुख्य मार्ग बंद पडला, तर हाकेच्या अंतरावरील दोन माणसांचाही संदेश अडतो.

गावापर्यंतचा दोर

मुख्य मार्ग म्हणजे आज बहुतांशी प्रकाशतंतू. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या लुकलुकीने संदेश जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर असतो. देशादेशांमधील संदेशांची बहुतेक सर्व वाहतूक समुद्रतळाशी टाकलेल्या अशाच केबलींमधून होते व त्यांतील अनेक मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन मिळतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेटची गती मंदावली होती. इतर मार्ग शिल्लक असल्यामुळे सेवा मंदावली, पण पुरती बंद पडली नाही.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. तीच आता ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. तथापि गावापर्यंत पोचणारा तंतू पुष्कळदा एकच असतो. जांभ्या दगडात चर खणून तो पुरलेला असतो आणि रस्त्याच्या वा नळयोजनेच्या खोदाईत यंत्राचा एक फटका त्याला पुरतो. मोबाईलचा मनोराही केवळ हवेवर चालत नाही. त्याला वीज लागते, वीज गेल्यास बॅटरी वा जनित्र लागते आणि पुढील केंद्राशी जोडणारा तंतू किंवा सूक्ष्मलहरींचा दुवा लागतो. या तिहींपैकी एक तुटले तरी मनोरा उभा दिसतो, परंतु मुका होतो.

वादळांनी दिलेला धडा

नोव्हेंबर २००९ मध्ये अरबी समुद्रात ‘फयान’ वादळ उठले. ९ तारखेला तयार झालेला कमी दाबाचा पट्टा ११ तारखेला वादळ होऊन कोकण किनाऱ्यालगत सरकत अलिबाग व मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आला. समुद्रात असलेल्या अनेक नौका त्यात सापडल्या व कोकणातील मच्छीमार कुटुंबांतील माणसे गेली. किनाऱ्यावर आलेला इशारा समुद्रात गेलेल्या होडीपर्यंत कसा पोचवावा, हा प्रश्न त्या वेळी सर्वांपुढे उभा राहिला.

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. या वेळी इशारा वेळेवर मिळाला होता. पण विजेचे खांब कोसळले, किनारपट्टीवरील गावे अंधारात बुडाली आणि अनेक ठिकाणी मोबाईल सेवा बंद पडली. फयानच्या वेळी दुवा समुद्रावर अपुरा पडला, तौक्तेच्या वेळी तो जमिनीवर तुटला.

समुद्रावरील दुवा सुधारण्याचे प्रयत्न झाले आहेत. किनाऱ्यावरील मोबाईल मनोऱ्याची लहर समुद्रात काही अंतरापर्यंतच पोचते. व्ही.एच.एफ. रेडिओला मनोऱ्याची गरज नसते. त्याची सोळावी वाहिनी जगभर संकटसमयीच्या हाकेसाठी राखलेली आहे. तिच्यावरील हाक आसपासच्या सर्व नौकांना एकाच वेळी ऐकू येते, हा तिचा मोठा गुण. २०१९ साली ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ते ‘गगन’ या उपग्रहप्रणालीवरून वादळाचा इशारा व मासळीच्या संभाव्य क्षेत्राची माहिती मच्छीमाराच्या मोबाईलवर आणते, परंतु त्यातून उलट संदेश धाडता येत नाही. ती उणीव भरून काढणारी, इस्रोने विकसित केलेली दुमार्गी संदेशयंत्रे एक लाख नौकांवर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.

जमिनीवर ‘सेल ब्रॉडकास्ट’ ही पद्धत आली आहे. साधा लघुसंदेश प्रत्येक क्रमांकाला वेगवेगळा पाठवावा लागतो व गर्दी झाली की तो रेंगाळतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये मनोरा एकच इशारा आपल्या टप्प्यातील सर्व मोबाईलना एकाच वेळी ऐकवितो. बंदरावरील बावट्याचेच हे नवे रूप. २०२३ साली तिची देशभर चाचणी घेण्यात आली, तेव्हा अनेकांचे मोबाईल अचानक मोठ्याने वाजल्याचे वाचकांना आठवत असेल. मात्र मनोरा मुका झाला, तर हा बावटाही दिसत नाही.

गावाने काय करावे

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावाचा एका पानाचा संपर्क-नकाशा तयार करावा. पंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र, शिधावाटप दुकान व मच्छीमार संस्था कोणत्या मनोऱ्यावर वा तंतूवर अवलंबून आहेत, हे त्यात नोंदवावे. दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे घेतली म्हणजे दोन मार्ग झाले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. दोन्ही कंपन्यांची उपकरणे एकाच मनोऱ्यावर असतील, तर तो मार्ग एकच. ही चौकशी आधी करून ठेवावी. खोदाईची परवानगी देण्यापूर्वी तंतू कोठून गेला आहे, हे ठेकेदाराला दाखवून द्यावे.

पंचायतीच्या जोडणीच्या पेटीला बॅटरीचा आधार असावा. आवश्यक क्रमांक कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. मोबाईलमध्ये साठविलेला क्रमांक मोबाईल बंद पडल्यावर उपयोगी येत नाही. आपत्कालीन साहाय्यासाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक त्यात असावेत. पैसे मिळण्यासाठी पिन द्यावा लागत नाही आणि ओ.टी.पी. कोणालाही सांगावयाचा नसतो, ही दोन वाक्येही त्याच कागदावर ठळक अक्षरांत लिहावीत.

सर्वच दुवे तुटल्यास निरोप घेऊन कोणी, कोणत्या वाटेने जावे, हेही ठरलेले असावे. दुचाकीवरील दोन तरुण, देवळातील ध्वनिक्षेपक, बॅटरीवरील ट्रान्झिस्टर आणि होडीवरचा व्ही.एच.एफ. संच यांना जुनाट म्हणून मोडीत काढू नये. पावसाळ्यापूर्वी एक दिवस मोबाईल बाजूला ठेवून या व्यवस्थेची तालीम घ्यावी.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका वाक्यातील शब्द क्रमांक घालून वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहावेत. रांगांतून, निरनिराळ्या मुलांच्या हातांमार्फत त्या शेवटच्या बाकावर पाठवाव्यात. मध्येच एका मुलाला हात बांधून बसावयास सांगावे आणि चिठ्ठ्या दुसऱ्या रांगेतून कशा फिरतात हे दाखवावे. नंतर शेवटच्या बाकाकडे जाणारी एकच रांग ठेवून तीतील मुलाला तसेच बसवावे. पहिल्या वेळी वाक्य पोचते, दुसऱ्या वेळी पोचत नाही. जाळ्याचे सारे शास्त्र मुलांना तेवढ्यात उमगते.

बावट्यांची पद्धत बसविणाऱ्यांजवळ उपग्रह नव्हते. तरीही संपर्क तुटण्याची वेळ येईल हे त्यांनी गृहीत धरले आणि त्यासाठी एक संकेत आधीच ठरवून ठेवला. आपल्या गावासाठी तो संकेत कोणता, हे येत्या ग्रामसभेत ठरवून घेतले पाहिजे.