तोंडातला चट्टा आणि तुकड्याची तपासणी



राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी तंबाखू-चुना, मिश्री आणि मावा गावातून गेलेला नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न निघणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा जास्त वाईट) दिसला, किंवा आपलीच तीन बोटे उभी तोंडात जाईनात, तर दवाखाना गाठावा.

डॉक्टर कवळी काढायला लावतात. जीभ कापडात धरून दोन्ही बाजूंना ओढतात, कारण नुसता आ केल्याने तिच्या कडा दिसत नाहीत. मग हातमोजा घालून चाचपतात. कडकपणा बोटालाच कळतो. मानेतल्या गाठीही पाहतात.

खरी अडचण पुढेच. ‘तुकडा काढू’ म्हटले की माणूस घरी पळतो. ‘चाकू लागला की रोग पसरतो’ हे आम्ही पारावर पुष्कळदा ऐकले. ते खोटे आहे. लाल कूज ओळखायला आपण ऊस चिरतोच ना? जागा बधिर करून जखमेच्या कडेचा, थोड्या चांगल्या भागासह, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. मधला भाग पुष्कळदा मेलेला असतो, त्यावरून निदान होत नाही. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला काही दिवस लागतात. रिपोर्ट साधा आला आणि जखम तशीच राहिली, तर पुन्हा तुकडा द्यावा लागतो; तेव्हा कंटाळू नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगावे, आपल्या मनाने बंद करू नये.