खेळांतील नौकेचा शृंगार व त्याचें मोल

इंदापूर तालुक्यांत भिगवणजवळ कुंभारगांव नांवाचें एक गांव आहे. भीमेवरील उजनी धरणाचें पाणी तेथपर्यंत पसरलें असून, हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्या लोकांस तेथील नावाडी होडींतून फिरवून आणितात. होडीच्या तळास फट पडली, तर ती बुजविल्यावांचून गत्यंतर नसतें. हा खर्च पोटाचा होय. परंतु कांठानें निळा पट्टा ओढला, अथवा नाळेवर ग्रामदेवतेचें नांव रंगविलें, तर तो खर्च हौसेचा. पट्ट्यामुळें होडी अधिक वेगानें चालत नाहीं. तरीही मनुष्य तो ओढतो, आणि त्यांत कांहीं गैर नाहीं. दुरुस्ती व शृंगार यांतील हा भेद ध्यानांत ठेवून प्रस्तुत विषयाकडे वळूं.

अनेक खेळाडूंनीं दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळीं खेळावयाचे जे संगणकीय खेळ आहेत, त्यांत ‘सी ऑफ थीव्ज्’ हा सागरी चांचेगिरीचा खेळ प्रसिद्ध आहे. ‘रेअर’ या ब्रिटिश कंपनीनें तो २०१८ च्या मार्चमध्यें बाहेर आणिला. त्यांत नौकेची निगा तीन प्रकारची असते. तोफेच्या गोळ्यानें तळास भोंक पडलें, तर खेळांतच सांपडलेल्या फळ्या ठोकून तें बंद करावें लागतें. न केल्यास नौका बुडते. दुसरा प्रकार केवळ रूपाच्या डागडुजीचा. २०२२ पासून खेळाडूस स्वतः नांव ठेविलेली नौका बाळगतां येते. प्रवासानें ती झिजते व तिजवर ओरखडे उठतात. खेळांतील सोनें कारागिरास दिलें म्हणजे ती पुन्हां नवी दिसूं लागते. न दिलें तरी तिच्या चालींत फरक पडत नाहीं. तिसरा प्रकार शृंगाराचा: शिडें, नाळेवरील मूर्ति, रंग इत्यादि. यांपैकीं बरेंचसें खेळून मिळविलेल्या सोन्यानें घेतां येतें; परंतु कांहीं वस्तु ‘प्राचीन नाणीं’ देऊनच मिळतात, आणि तीं नाणीं बहुधा खऱ्या पैशानें विकत घ्यावीं लागतात.

आतां प्रश्न असा कीं, या शृंगाराची किंमत ठरते कशी? पोळ्याच्या सुमारास बारामतीच्या बाजारांत बैलाची झूल घेतली, तर तिच्या किमतींत कापड, सूत, शिवणाऱ्याची मजुरी व दुकानदाराचा नफा असतो. दुसरी झूल हवी असल्यास पुन्हां तितकेंच कापड लागतें. संगणकांतील शिडाचें तसें नाहीं. चित्रकारानें तें एकदां रेखाटलें कीं, त्याच्या लाख प्रती करण्यास नवें कापड लागत नाहीं. म्हणून तेथील किंमत मुख्यतः घेणाऱ्याच्या इच्छेवरून ठरते. २००६ सालीं ‘ओब्लिव्हिअन’ या खेळांत घोड्याचें चिलखत अडीच डॉलरांस विकावयास ठेविलें, तेव्हां पुष्कळ खेळाडूंनीं त्याची टर उडविली. आज तसाच व्यापार सर्वत्र रूढ झाला आहे.

विकणाऱ्याची बाजूही ऐकिली पाहिजे. चित्रकारांचे पगार व खेळ अहोरात्र चालू ठेवणारीं यंत्रें यांचा खर्च त्यास करावा लागतो. शिवाय शृंगार विकला पण बळ विकलें नाहीं, तर निर्धन खेळाडूही धनवंतास हरवूं शकतो. येथवर तक्रारीस जागा नाहीं. दोष आहे तो किंमत झांकण्यांत.

झांकण्याच्या युक्त्या मुख्यतः तीन. पहिली, रुपयांऐवजीं निराळीं नाणीं. समजा, एका खेळांत ४०० रुपयांस ५०० नाणीं मिळतात व शिडास ४५० पडतात. शीड ३६० रुपयांचें झालें असें आपण म्हणतों. पण खिशांतून गेले ४००, आणि उरलेल्या ५० नाण्यांत कांहींच येत नाहीं. तीं वायां जाऊं नयेत म्हणून मनुष्य पुन्हां ४०० देतो. दुसरी युक्ति मुदतीची: आज न घेतल्यास उद्यां मिळणार नाहीं, अशी भीति घालावयाची. तिसरी व सर्वांत घातक युक्ति बंद पेटीची. पैसे आधीं द्यावयाचे, आंत काय निघेल तें दैवावर. बेल्जममधील जुगार-नियंत्रक मंडळानें २०१८ सालीं पैसे घेऊन उघडावयाच्या अशा पेट्या जुगारांत मोडतात, असा निर्णय दिला.

येथें माझीच चूक सांगतें. मागील भाऊबीजेची ओवाळणी मीं आतेभावाच्या संगणकावर, अशाच एका नौकांच्या खेळांत, तांबड्या शिडासाठीं खर्च केली. सुकाणूपाशीं उभी राहिलें तों ध्यानांत आलें कीं, मला दिसते ती शिडाची मागची बाजू. त्याचें रूप पाहणार ते समोरून येणारे अनोळखी लोक, आणि ते तर तोफा डागण्यांत गुंतलेले! आत्यानें विचारलें, “ओवाळणीचें काय घेतलेंस ग?” तेव्हां दाखविण्यास हातीं कांहीं नव्हतें. ती रागावली नाहीं. “पुढल्या खेपेस आधीं मला विचार हो,” एवढेंच म्हणाली. त्या सौम्य शब्दांचीच मला अधिक लाज वाटली.

आणखी एक गोष्ट. हा शृंगार आपल्या मालकीचा नसतो. खेळ चालू असेपर्यंत त्याचा उपभोग घेण्याची केवळ परवानगी असते. सप्टेंबर २०२० मध्यें भारत सरकारनें ‘पबजी मोबाईल’ या खेळावर बंदी घातली, आणि ३० ऑक्टोबरला येथील त्याची सेवा थांबली. पैसे देऊन घेतलेले वेष त्या दिवशीं पेटींत असून नसल्यासारखे झाले. पुढें २०२१ सालीं दुसऱ्या नांवानें खेळ आला, तेव्हां जुनी सामग्री नेण्याची मुभा मिळाली, पण तीही मुदतीपुरती. कुंभारगांवच्या नावाड्याचा निळा पट्टा उन्हापाण्यानें फिका होतो. परंतु होडी त्याची त्याचपाशीं राहते.

खेळूं नये, किंवा हौस करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. मात्र पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न कागदावर लिहावे. हें रुपयांत कितीचें आहे? आंत काय आहे तें मला आधीं दिसतें काय? उद्यां खेळ बंद पडला, तर गेलेल्या पैशांबद्दल मला हळहळ वाटेल काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणें अठरा वर्षांखालील व्यक्ति करार करण्यास पात्र मानली जात नाहीं. म्हणून तो कागद घरांतील वडील माणसांस दाखवावा, आणि मगच शीड उभारावें.